नव्या तक्त्यावरचे जुने आकडे

चष्म्याच्या त्या दुकानात मागच्या बाजूला एक लांबट, काळोखी खोली आहे. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडाच्या पेटीवर लावलेला आकड्यांचा तक्ता. वर एकच मोठा आकडा, खाली ओळीगणिक लहान होत गेलेले. या खोलीत ती अठरा वर्षं उभी आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" दिवसाला तीसएक माणसं. दुकानात सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी गिऱ्हाइकंसुद्धा.

नंबर काढणं म्हणजे परीक्षा नव्हे, हे लोकांना पटत नाही. नंबर वाढला की त्यांना नापास झाल्यासारखं वाटतं. मग ते अंदाजाने आकडे ठोकून देतात. बायको आत वाचत असताना दाराशी उभा राहून नवरा ओळी पाठ करतो. एका निवृत्त मास्तरांनी तर सगळा तक्ता वहीत उतरवून नेला होता आणि पुढच्या वर्षी एका दमात म्हणून दाखवला. अशांना ताईचं एकच सांगणं असतं, "आठवून सांगू नका, दिसतंय ते सांगा. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. त्यात लाज कसली?"

नंबर ठरला तरी ती लगेच चष्मा करायला टाकत नाही. ती जड फ्रेम डोळ्यांवर तशीच ठेवून गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारापर्यंत चालायला लावते, एक पायरी उतरायला लावते, रस्त्याकडे बघायला लावते. खुर्चीत बसून सगळ्यांनाच चांगलं दिसतं, असं तिचं मत आहे.

गेल्या वर्षी मालकांनी पुलापलीकडे दुसरं दुकान काढायचं ठरवलं. ते सांभाळायला माणूस हवा होता आणि दुकानात त्या लायकीची दोनच माणसं होती. एक ताई. दुसरा काउंटरवरचा विक्रेता, ज्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंद होत नसे. मालकांच्या मनात ताई होती. पण मालकांची सून, जी पूर्वी एका मोठ्या कंपनीत माणसं निवडायचं काम करत असे, म्हणाली, "बाबा, अंदाजपंचे नको. शास्त्रीय पद्धतीने बघू." तिने दोघांना एकेक फॉर्म दिला. साठ विधानं. प्रत्येकापुढे पाच चौकटी, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत.

मी अनोळखी माणसांशी सहज बोलते. मला वाद टाळायला आवडतं. निर्णय घेताना मी दुसऱ्यांकडे बघते. ताईने जेवणाच्या सुट्टीत, तपासणीच्या खोलीतच बसून, वीस मिनिटांत साठच्या साठ चौकटी भरल्या. एकाही विधानापाशी तिचं पेन अडलं नाही.

निकाल दोन दिवसांनी आला. रेडिओ निघाला पुढाकार घेणारा, लोकांना बरोबर नेणारा. "मला माहीतच होतं," तो म्हणाला. "बोलणाऱ्याचीच बोरं विकतात." ताई निघाली अंतर्मुख, जुळवून घेणारी, वाद टाळणारी. खाली एक ओळ होती: नेतृत्वापेक्षा साहाय्यकाच्या भूमिकेत अधिक समाधानी राहील.

"यात कमीपणा काही नाही, ताई," सून म्हणाली. "प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो."

मालकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "रेडिओला दुकान दिलं तर तो सकाळी अकराला उघडेल. कागद काहीही म्हणू दे. तू सांग. दोन आठवडे घे. तुझ्याइतकं तुला कोण ओळखतं?"

इथे खरी अडचण सुरू झाली. ते दुकान तिला हवं होतं. भिंतींचा रंग कुठला, तपासणीची खोली कुठल्या बाजूला, हे तिने मनात ठरवूनही टाकलं होतं. पण जमेल का, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आणि ज्या कागदाने नाही म्हटलं होतं तो तिनेच भरलेला होता.

तिने वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. व्यक्तिमत्त्वाचे निरनिराळे सिद्धांत सोप्या भाषेत सांगणारं. पहिल्या प्रकरणात माणसांचे चार जुने स्वभाव होते. थंड, तापट, उदास आणि आनंदी. ती थंड. दुसऱ्यात अंतर्मुख आणि बहिर्मुख असे भेद आणि त्यांचे पोटभेद. ती अंतर्मुख, हे तर छापूनच आलं होतं. तिसऱ्या प्रकरणात मात्र लिहिलं होतं की माणसांचे असे कप्पे नसतात. पाच गुणांच्या पाच पट्ट्या असतात आणि प्रत्येक जण प्रत्येक पट्टीवर कुठेतरी मध्येच असतो. हे तिला लगेच पटलं, कारण नंबरचंही तसंच असतं. चौथ्या प्रकरणात सगळा दोष लहानपणाचा निघाला. पाचव्यात म्हटलं होतं की स्वभाव वगैरे फारसं काही नसतं, माणूस वागतो ते समोरच्या प्रसंगाप्रमाणे. हेही तिला पटलं. प्रत्येक प्रकरण वाचताना ती त्याच्यासारखी होत होती आणि पान उलटलं की नव्हती.

"आजारांचं पुस्तक वाचलं की असंच होतं," तिचा नवरा म्हणाला. तो मोटार चालवायला शिकवतो. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्याचा उजवा पाय कायम नसलेल्या ब्रेकवर असतो, सोफ्यावरसुद्धा. "पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळे आजार आपल्यालाच."

"मग तुम्ही सांगा, मी कशी आहे?"

"हा प्रश्न लग्नाच्या नवऱ्याला विचारायचा नसतो."

"मी गंभीरपणे विचारतेय."

"मीही गंभीरपणे घाबरतोय."

तिने सुनेकडून आणखी दोन कोरे फॉर्म मागून आणले होते. एक त्याच्यापुढे ठेवला. माझ्याबद्दल भरा, लाडीगोडी नको, असं बजावलं. त्याने पाऊण तास घेतला. त्याच्या चौकटी वाचून तिला वाटलं, हा दुसऱ्याच बाईबद्दल बोलतोय. हुकूमत गाजवणारी. मनातलं बोलून टाकणारी. वादात मागे न हटणारी.

"वाद टाळायला आवडतं, यापुढे तुम्ही पूर्ण असहमत लिहिलंय?"

"हे तू कुठल्या आवाजात विचारतेयस, ऐक जरा," तो म्हणाला. "बाहेर गोगलगाय. पण पोटातले पाय मला माहितीयेत."

दुसरा फॉर्म तिने आईसाठी ठेवला. आई तिच्या भावाकडे राहते, दोन तासांच्या अंतरावर. रविवारी दुपारी फोनवर ताईने एकेक विधान वाचलं आणि आई चौकट सांगत गेली. आईला विचार करावा लागला नाही.

"तू ना, लहानपणापासून मुकी," आई म्हणाली. ताईचं ते घरातलं नावच होतं. "पाहुणे आले की दाराआड. तुझा भाऊ पोपटासारखा बोलायचा आणि तू आपली कोपऱ्यात. मला काय, बरंच होतं. एकाचं तरी तोंड बंद."

"आता तशी आहे का, आई?"

"स्वभाव का बदलतो, बाळ? आणि हे दुकान-बिकान कशाला डोक्यावर घेतेस? तुला झेपायचं नाही. तू मुकी."

संध्याकाळी तिने आईचा फॉर्म स्वतःच्या फॉर्मशेजारी ठेवून चौकटी ताडून पाहिल्या. साठांपैकी चौपन्न उत्तरं अगदी एकसारखी होती. नवऱ्याशी फक्त एकोणीस जुळत होती. ती बराच वेळ ते दोन कागद बघत बसली. आई आणि आपण स्वतः, दोन साक्षीदार एकच सांगतात आणि तिसरा वेगळं. मग खोटं कोण? पंधरा वर्षं एका घरात राहून नवऱ्याला आपण कळलो नाही, असं तिने ठरवून टाकलं. मालकांना नाही म्हणायचं, हेही तेव्हाच ठरलं. पण ठरल्यावर जो निवांतपणा यायला हवा तो आला नाही.

त्या आठवड्यात दुकानातल्या माणसांची वर्षाची डोळेतपासणी होती. जुन्या मालकांपासून, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांपासून, दुकानाचा एक नियम आहे. आपला नंबर आपण काढायचा नाही. कितीही जाणकार असलात तरी खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने विचारायचं. ताईचा नंबर दर वर्षी काचकाका काढतात. काचकाका म्हणजे दुकानाचे सर्वांत जुने कारागीर. मागच्या टेबलाशी बसून काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे. ताईला हे काम त्यांनीच शिकवलं.

"डोळे काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत. हल्ली बसच्या पाट्या मात्र नीट रंगवत नाहीत. अगदी जवळ आल्याशिवाय कळत नाही कुठली आहे ते."

काचकाकांनी दिवा मालवला, पेटी लावली. "डावा झाक. वाच."

ती वरून वाचत आली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला काचकाकांनी मान वर केली. चौथी ओळ तिने नेहमीच्या वेगाने म्हटली, "सहा, दोन, नऊ, तीन, आठ."

"परत वाच. चौथी."

"सहा, दोन, नऊ, तीन, आठ."

काचकाका तक्त्याजवळ जाऊन आले. मग त्यांनी विचारलं, "बाई, तू कुठला तक्ता वाचतेयस?"

"समोरचा. आणखी कुठला?"

"समोरचा नवा आहे. पुलापलीकडच्या दुकानासाठी आलाय. उजेड नीट पडतो का बघायला, तू खोलीत यायच्या आधी मी लावला. वरच्या दोन ओळी त्याच आहेत, खालच्या बदलल्यात. चौथ्या ओळीत नऊ नाहीच मुळी."

ती उठली आणि तक्त्यापाशी गेली. वीतभर अंतरावरून चौथी ओळ वाचली. पाच, सात, चार, दोन, सहा. तिने बोट लावून पुन्हा वाचली.

"तुला दिसत होतं का?" काचकाकांनी विचारलं.

"दिसत होतं," ती म्हणाली. मग बोट काढून म्हणाली, "दिसतंय असं वाटत होतं."

"सहा वर्षं तुझा नंबर हललेला नाही. मी सगळ्यांना सांगत फिरतो, काय डोळे आहेत पोरीचे." ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. "त्या मास्तरांनी निदान वही तरी केली होती."

नव्या तक्त्यावर, एकेक काच बदलत, त्यांनी तिचा नंबर पहिल्यापासून काढला. "हे बरं, की हे?" प्रश्न ऐकून ती दोनदा गोंधळली. अठरा वर्षं तो विचारण्याची सवय होती, इतका वेळ घेऊन उत्तर देण्याची नव्हती. उजव्या डोळ्याचा अर्धा आणि डाव्याचा पाऊण नंबर वाढलेला निघाला. जड फ्रेम घालून काचकाकांनी तिला दारापर्यंत चालायला लावलं. समोरच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बसची पाटी व्यवस्थित रंगवलेली होती.

घरी जाताना मात्र तिच्या डोक्यात बस नव्हती, त्या चौपन्न चौकटी होत्या. फॉर्म भरताना पेन कुठे अडलं नव्हतं, हे तिला आता आठवलं. चौथी ओळ म्हणतानाही जीभ अडली नव्हती. मुकी, गरीब, वाद न घालणारी. हे तिने कधी पाहिलं होतं का? की ऐकलं होतं, आणि पाठ होतं? आईची उत्तरं जुळली यात नवल काय? पाठ केलेला तक्ता आईचाच होता.

पण म्हणून नवऱ्याचं खरं मानायचं, तर तेही पटेना. तो तिला घरात बघतो. नळवाल्याला फैलावर घेताना बघतो. भाड्याच्या घराच्या मालकाशी बोलताना बघतो. दुकानातल्या वर्षाच्या बैठकीत ती शेवटच्या खुर्चीवर बसते आणि चहा संपायच्या आत निघते, ते त्याने कुठे पाहिलंय?

तिने आणखी एक कोरा फॉर्म आणला आणि या वेळी स्वतःला एक अट घातली. प्रत्येक विधानासाठी गेल्या महिन्यातला एक तरी खराखुरा प्रसंग आठवायचा. तो नसेल तर चौकट भरायची नाही. याला तीन संध्याकाळी लागल्या आणि घोळ वाढतच गेला. 'मी अनोळखी माणसांशी सहज बोलते.' दिवसाला तीस अनोळखी माणसं, अंधाऱ्या खोलीत, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून. त्यांच्याशी ती बोलते, त्यांना हसवते, रडणाऱ्या पोरांना गप्प करते. आणि ज्या इमारतीत अकरा वर्षं राहते तिथे जिन्यात कुणी दिसलं की किल्ली शोधण्याचं नाटक करते. मग सहमत की असहमत? 'मला वाद टाळायला आवडतं.' गेल्याच महिन्यात चुकीच्या काचा पाठवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला तिने फोनवर असं सुनावलं होतं की रेडिओसुद्धा गप्प झाला होता. पण फोन ठेवल्यावर तिचे हात थरथरत होते. थरथरणारे हात धरायचे की सुनावलेले शब्द?

"तुम्ही शिकाऊ माणसाला विचारता का, तू गाडी कशी चालवतोस म्हणून?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कधीच नाही. सगळे म्हणतात, तशी येते. जे अजिबात येत नाही ते जास्तच म्हणतात."

"मग कसं कळतं?"

"चौकात कळतं."

साठांपैकी तेवीस चौकटी कोऱ्या राहिल्या. भरलेल्या बहुतेक मधल्या होत्या. सुनेने तो फॉर्म कॉम्प्युटरला दिला आणि ती बुचकळ्यात पडली. "ताई, पहिला तुमचा इतका स्वच्छ आला होता. आता हा म्हणतोय, उत्तरांत सुसंगती नाही."

"नाहीच आहे," ताई म्हणाली.

"मग यावरून निष्कर्ष कसा काढायचा?"

"तेच मलाही कळत नाही."

दोन आठवडे संपले त्या सोमवारी ताईच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. नव्या नंबरची सवय व्हायला आठवडा लागतो, जमीन थोडी वर आल्यासारखी वाटते, हे तिने हजारो लोकांना सांगितलेलं होतं. तरी दुकानाची पायरी चढताना तिने पाऊल गरजेपेक्षा उंच उचललं आणि काउंटरला धरून उभी राहिली.

"काय ताई, सकाळी सकाळी?" रेडिओ म्हणाला.

"नंबर बदललाय," ती म्हणाली आणि मालकांच्या खोलीत गेली. सून तिथे होतीच.

"बोल," मालक म्हणाले. "हो की नाही?"

"साहेब, मी कशी आहे ते मला सांगता येत नाही."

"मी ते विचारलंच नाही. जमेल का, ते विचारलं."

"ते त्याच्यावरच आहे ना. माझ्या एका कागदावर मी मुकी आहे, नवऱ्याच्या कागदावर फौजदार, आणि तिसऱ्यावर काहीच नाही." ती थांबली. तिथून पुढचं तिने आधी ठरवलेलं नव्हतं, असं ती नंतर सांगते. "आपण गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून चष्मा देत नाही. चालायला लावतो. मला तीन महिने तिथे चालू द्या. काचा पक्क्या करू नका. तीन महिन्यांनी तुम्ही बघा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी परत मागच्या काळोख्या खोलीत. खोली कुठे पळत नाही."

मालकांनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "प्रत्यक्ष कामावरून निरीक्षण. हीसुद्धा पद्धत आहे, बाबा." मालक म्हणाले, "आमच्या वेळी याला नोकरी म्हणायचे," आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर सरकवला.

पुलापलीकडच्या दुकानात ताईने पहिल्याच आठवड्यात सुताराला तपासणीच्या खोलीचं दार दोनदा काढायला लावलं, कारण फटीतून उजेड येत होता. तिचा आवाज शेजारच्या शिंप्यापर्यंत गेला. त्यानंतर ती त्याच खोलीत जाऊन, दार लावून, अर्धा तास बसून राहिली. शिंप्याने विचारलं, "बाई तापट आहेत का हो?" विक्रीसाठी नव्याने ठेवलेल्या मुलीने सांगितलं, "नाही हो, एकदम शांत आहेत." दुसऱ्या महिन्यात ताईने दोन दिवस एका गिऱ्हाइकाची तक्रार टाळली, त्याचा फोनच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चष्मा बदलून दिला. आईचा फोन दर रविवारी येतो. "झेपतंय का?" आई विचारते. "बघतेय," ताई सांगते. हे उत्तर आईला कुठल्याच चौकटीत बसवता येत नाही.

तीन महिने झाल्यावर मालक, सून आणि काचकाका तिकडे आले. मालकांनी दुकान फिरून पाहिलं, दार लावून खोलीचा अंधार पाहिला आणि म्हणाले, "किल्ल्या राहू देत तुझ्याकडेच."  सुनेने बॅगेतून फॉर्म काढला. "ताई, एकदा परत भराल? फक्त तुलना करायला."

"मी नाही भरणार," ताई म्हणाली. "आपला नंबर आपण काढायचा नाही. दुकानाचा नियम आहे."

तिने फॉर्म काचकाकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा बदलला, पेन मागून घेतलं आणि काउंटरशी बसून पहिली दहा विधानं शाळेतल्या मुलासारखी मान वाकडी करून भरली. अकराव्यापाशी ते अडले.

"बाई, 'मी गर्दीत खुलते.' काय लिहू?"

"कुठल्या गर्दीत?" तिने आतून विचारलं. खुर्चीत गिऱ्हाईक होतं.

काचकाकांनी थोडा विचार केला. पाची चौकटी कोऱ्या सोडल्या आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं: कुठल्या गर्दीत? मग ते बाराव्याकडे वळले. आतून तिचा आवाज आला, "आठवून नको, काकू. दिसतंय ते सांगा."